सरकारमान्य मध्यम नाक

माझ्या सासऱ्यांचं नाक मध्यम आहे. सून म्हणून मी हा टोमणा मारत नाहीये. तसं त्यांच्याकडे सर्टिफिकेट आहे. ते दर वर्षी नवीन मिळतं, त्यावर गोल शिक्का असतो आणि शेवटच्या ओळीत लिहिलेलं असतं, "नाक: मध्यम." मी पहिल्यांदा या घरी आले तेव्हा माझ्या होणाऱ्या नवऱ्याने मला पाणी दिलं आणि बाबांनी ते सर्टिफिकेट दाखवलं. मला वाटलं ही घरातली काहीतरी जुनी चेष्टा आहे, म्हणून मी मोठ्याने हसले. बाकी कुणी हसलं नाही.

बाबा हवा तपासणाऱ्या ऑफिसात वास-तपासनीस आहेत. तिथे एक यंत्र आहे, त्याच्याभोवती सहा जण बसतात. प्रत्येकाच्या पुढ्यात काचेचं नरसाळं असतं आणि हाताशी घंटा. कुठल्याशा कारखान्याच्या धुराड्यातून भरून आणलेली हवा आधी अगदी पातळ करून नरसाळ्यातून सोडतात आणि मग थोडी थोडी वाढवत नेतात. ज्याला ज्या क्षणी वास येईल त्याने घंटा दाबायची. सहा जणांची सरासरी काढली की त्या धुराड्याला आकडा मिळतो. या कामाला तिखट नाकाचा माणूस चालत नाही, कारण तो सगळ्यांच्या आधी घंटा दाबून सरासरीचा बोजवारा उडवतो. बोथट नाकाचाही चालत नाही. एकदा एका बाईंनी पहिल्याच दिवशी नरसाळं हुंगून सांगितलं होतं की आधी इथे बसलेल्या माणसाने दुपारी काकडी खाल्ली आहे. त्यांना चहाच्या सुट्टीआधीच घरी पाठवलं. बाबा मात्र सव्वीस वर्षं टिकले. तिखट आणि बोथट यांच्या बरोबर मध्ये, एका रेषेवर, जराही इकडेतिकडे न होता.

या मध्यमपणाचा बाबांना जेवढा अभिमान आहे तेवढा मी कुणाला पहिल्या नंबराचाही पाहिलेला नाही. ते बिनवासाचा साबण वापरतात. ड्यूटीच्या आदल्या दिवशी कांदा खात नाहीत. सर्दी झालेल्या माणसाशी फोनवरसुद्धा जरा लांबून बोलतात. थंडीत बाहेर पडताना आधी नाकाला मफलर, मग कान, मग बाकीचे बाबा. एरवी माणूस साधा, नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण नाकाचा विषय निघाला की त्यांच्याशी वाद घालायची सोय नाही, कारण त्यांच्याकडे शिक्का आहे आणि आपल्याकडे नाही.

ही गैरसोय सगळ्यात जास्त नडली ती माझ्या सासूबाईंना.

आमच्या घराची मागची खोली म्हणजे आई-बाबांची झोपायची खोली. तिच्या खिडकीसमोर, मधली भिंत ओलांडली की, कंगव्यांचा कारखाना आहे. अकरा वर्षांपूर्वी तो सुरू झाला आणि पंधरा दिवसांतच आई म्हणायला लागल्या की खोलीत घाण वास येतो. बाबांनी खिडकीपाशी उभं राहून तीन वेळा श्वास घेतला आणि सांगितलं, "वास नाही." आई म्हणाल्या, "अहो, डोकं दुखतंय माझं." बाबा म्हणाले, "डोकं दुखत असेल. वास नाही." महिनाभर हेच चाललं. मग एके दिवशी आईंनी आपली उशी, चादर आणि घड्याळ उचललं आणि हॉलमधल्या अरुंद कॉटवर मुक्काम हलवला. तो अकरा वर्षं तिथेच राहिला.

बाबांनीही हॉलमध्ये झोपायला यायला काय हरकत होती, असं मी एकदा नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "बाबांचं म्हणणं असं की जो वास रिपोर्टात नाही त्याला घाबरून तपासनीसानेच खोली सोडली, तर ऑफिसात तोंड दाखवायला जागा राहणार नाही." "आणि तुला यायचा का वास?" मी विचारलं. तो म्हणाला, "मला नाही कधी आला. मावशीला आला होता एकदा, पण ती आईची सख्खी बहीण, शिवाय तिच्याकडे सर्टिफिकेट नाही." मी स्वतः या घरात येऊन दीड वर्ष झालं. मागच्या खोलीत मी रोज केर काढते. मला तिथे फक्त बाबांच्या पुस्तकांचा वास येतो.

तोंडी सांगून उपयोग होत नाही म्हटल्यावर आईंनी बाबांच्याच ऑफिसात लेखी तक्रार केली. नियमानुसार घरगुती तक्रारीची तपासणी त्या भागाच्या तपासनीसाने करायची असते. आमच्या भागाचे तपासनीस बाबा. बाबांनी रीतसर अर्ज दिला की तक्रारदार ही माझी पत्नी असल्याने मला यातून मोकळं करावं. साहेबांचं उत्तर आलं: "नात्याचा नाकाशी संबंध नाही. तपासणी करावी."

मग बाबा आपल्या घरी तपासणीला आले. माझा नवरा तेव्हा कॉलेजात होता, त्याने हे सगळं डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी नेहमीप्रमाणे डबा घेऊन बाबा ऑफिसात गेले, तिथून आदेशाचा कागद आणि बॅग घेतली, परत आले आणि बेल वाजवली. खिशात किल्ली असताना. आईंनी दार उघडलं. "नमस्कार बाई, आपण तक्रार केली होती," बाबा म्हणाले. आईंनी त्यांना मागची खोली दाखवली, जणू हे गृहस्थ आयुष्यात प्रथमच तिथे येत होते. बाबांनी खिडकीपाशी, मधोमध आणि दारापाशी असे तीनदा श्वास घेतले, फॉर्म भरला, "तक्रारदारास भास होत असावा" असं लिहिलं, वाचून दाखवलं आणि आईंची सही घेतली. आईंनी सही करताना विचारलं, "संध्याकाळी किती वाजता याल?" बाबा म्हणाले, "ते मी आत्ता सांगू शकत नाही, मी ड्यूटीवर आहे."

अशा चौदा तपासण्या झाल्या. नऊ वर्षांत चौदा. चौदाही वेळा "वास नाही." मग दोन वर्षांपूर्वी आईंनी तक्रारी करणं बंद केलं. सगळ्यांना वाटलं त्या थकल्या. खोलीत मात्र परत गेल्या नाहीत. दोघं बोलायचे, एकत्र जेवायचे, टीव्हीवरून भांडायचे, आणि दहा वाजले की एक जण आत आणि एक जण बाहेर. मी नवी असल्यामुळे मला ते टोचायचं. घरातल्या बाकीच्यांना त्याची सवय झाली होती, निदान मला तरी तसं वाटायचं.

यंदा ऑफिसने मॉडेल आणलं. मॉडेल म्हणजे कॉम्प्युटरमध्ये शिकवून तयार केलेलं एक नाक. त्याला कुठल्याही पदार्थाच्या रेणूची रचना दिली की तो रेणू माणसाच्या नाकातल्या कुठल्या रिसेप्टरला कितपत चाळवेल, हे ते आधीच सांगतं. नरसाळं नको, घंटा नको, सहा माणसं नकोत. ते चालवायला एक चष्मेवाल्या बाई आल्या होत्या, त्यांना ऑफिसात सगळे मॉडेलबाई म्हणायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी बाबांना समजावलं, "काका, असं समजा की नाक म्हणजे चारशे बिऱ्हाडांची इमारत. प्रत्येक दाराला बेल आहे. वासाचा रेणू आला की तो काही दारांच्या बेला वाजवतो. कुठल्या कुठल्या वाजल्या यावरून मेंदू ठरवतो की कोण आलंय. आमचं मॉडेल पाहुण्याचा चेहरा बघून सांगतं की हा कुठल्या बेला वाजवणार."

"आणि ते बरोबर सांगतं की नाही हे कोण ठरवणार?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही. मान्यताप्राप्त मध्यम नाक इथे तुमचंच आहे."

बाबा त्या दिवशी घरी आले ते जमिनीपासून दोन बोटं वरूनच चालत. मॉडेलबाईंनी त्यांच्या गालाच्या आतून कापूस फिरवून नेला, कारण बाबांच्या चारशे बेला नेमक्या कशा घडलेल्या आहेत ते त्यावरून कळणार होतं. मग तीन आठवडे बाबांना सहाशे बाटल्या हुंगवल्या. मॉडेलने सहाशेचं भाकीत आधीच लिहून पाकिटात बंद करून ठेवलं होतं. सोबतीला पॅनेलचे बाकीचे पाच जण होतेच.

दोनशे बाराव्या बाटलीचं बूच काढलं तेव्हा पाचही जणांनी घंटा दाबली, एक जण खोकत बाहेर गेला आणि एकाने नरसाळ्यावर रुमाल टाकला. बाबा शांतपणे म्हणाले, "स्टोअरला सांगा, ही रिकामी आली आहे." त्यांना वाटलं बाकीचे मुद्दाम नाटक करतायत. त्यांनी स्टोअरकडे निष्काळजीपणाबद्दल लेखी तक्रारही केली.

पाकीट उघडलं. मॉडेलने लिहिलं होतं: नमुना २१२, सामान्य नाक, प्रतिसाद तीव्र. खाली: या विशिष्ट नाकाचा प्रतिसाद, शून्य.

"काका, यात वाईट वाटण्यासारखं काही नाही," मॉडेलबाई म्हणाल्या. "प्रत्येकाच्या इमारतीत दोनचार बेला जन्मापासून बिघडलेल्या असतात. तुमची एक नेमकी ही आहे."

"सर्टिफिकेटच्या परीक्षेत कधी कळलं नाही ते."

"परीक्षेला एकच ठरलेली बाटली असते. ती तुम्हाला व्यवस्थित येते."

बाबांनी बराच वेळ ती बाटली नाकाशी धरली. मग विचारलं, "हा पदार्थ कशात वापरतात?"

मॉडेलबाईंनी यादीत बघितलं. "प्लास्टिक मऊ करायला. कंगवे वगैरे."

बाबा त्या दिवशी दुपारी तीनलाच घरी आले. आई भाजी आणायला गेल्या होत्या. मी चहा घेऊन मागच्या खोलीत गेले तर ते पलंगाच्या कडेवर बसले होते, पलंगाच्या त्यांच्या बाजूला. समोर छोटी बाटली. "सूनबाई, जरा हुंगून बघ," म्हणाले. मी बूच काढलं. भिजलेलं पायपुसणं डब्यात कोंडून महिनाभर उन्हात ठेवलं तर जे होईल ते माझ्या नाकात शिरलं. डोळ्यांना पाणी आलं. मी बूच लावलं आणि पदर नाकाशी धरून उभी राहिले. इतक्यात नवरा आला. त्यालाही बाबांनी बाटली दिली. त्याने हुंगली, हलवली, उजेडाकडे धरली आणि विचारलं, "आत काय असायला पाहिजे होतं?" बापाचं नाक जसंच्या तसं पोराकडे आलं होतं.

तो गेल्यावर बाबा मला म्हणाले, "तुला खरं सांगतो. ती वासामुळे बाहेर गेली यावर माझा कधी विश्वास बसला नाही. वास नव्हताच ना. मग मी विचार केला, वास नाही तर ती कशामुळे गेली? दुसरं काय होतं या खोलीत? मीच होतो."

अकरा वर्षं हा माणूस रोज दहा वाजता या विचाराबरोबर झोपत होता आणि सकाळी उठून मफलर गुंडाळून ऑफिसात जात होता. मी म्हटलं, "आईंना सांगून टाका ना आता."

"तोंडी?" बाबांनी असं विचारलं की मलाच लाज वाटली. "मी तिला चौदा वेळा लेखी खोटं पाडलंय."

म्हणून बाबांनी स्वतःच्या ऑफिसात स्वतःच्या घराबद्दल तक्रार दाखल केली. साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं.

"तुम्हाला वास येतो?"

"नाही साहेब."

"मग तक्रार कसली?"

"वास येत नाही, हीच."

साहेबांनी कपाळाला हात लावला. "अहो, मान्यताप्राप्त नाकाला येत नाही म्हणजे वास नाही. नियमच आहे तसा. आणि मॉडेल तुमच्या नाकाशी सहाशेपैकी सहाशे जुळलंय, म्हणजे आता मॉडेलही तुमच्यासारखंच ठेवायचं ठरलंय. दोनशे बारा नंबर यापुढे बिनवासाचा. वर कळवून झालंय."

"पण साहेब, पाच जणांनी घंटा दाबली."

"ते पाच जण महिनाअखेर घरी जातायत."

तक्रार मात्र नोंदवलेली असल्यामुळे रद्द करता येत नव्हती. तपासणी करणं भाग होतं. त्या भागाचा तपासनीस कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आदेश निघाला: तक्रारदार बाबा, तपासनीस बाबा.

शनिवारी सकाळी बाबा आंघोळ करून, डबा घेऊन निघाले. अकरा वाजता बेल वाजली. आईंनी दार उघडलं.

"नमस्कार बाई. वासाची तक्रार आली आहे."

"मी नाही केली," आई म्हणाल्या.

"घरमालकांनी केली आहे."

"मग त्यांनाच विचारा."

"त्यांना वास येत नाही. म्हणून आपल्याला विचारायला आलोय."

आई बाजूला झाल्या. नवरा आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभे होतो आणि आम्हाला कुणी हाकललं नाही. बाबा मागच्या खोलीत गेले, पण या वेळी त्यांनी श्वास घेतले नाहीत. बॅगेतून मॉडेलचा कागद काढला आणि उभ्या उभ्या वाचून दाखवला. सामान्य नाक, तीव्र. हे नाक, शून्य.

"म्हणजे काय?" आईंनी विचारलं.

"म्हणजे आपण सांगत होता तो वास होता. मला येत नव्हता. जन्मापासूनच येत नाही."

आई पलंगापासून चार पावलांवर उभ्या होत्या. "मी सांगितलं तेव्हा नाही पटलं," त्या म्हणाल्या. "मशीनने सांगितलं तेव्हा पटलं."

"हो," बाबा म्हणाले.

त्या एका "हो"साठी मी बाबांना कायमचं माफ केलं. ते कारण देऊ शकले असते. त्यांच्याकडे सव्वीस सर्टिफिकेटं होती.

मग त्यांनी फॉर्म काढला, पलंगावर बसायचं टाळून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि विचारलं, "वास सध्या किती प्रमाणात येतो?"

"येत नाही."

बाबांचं पेन थांबलं.

"दोन वर्षं झाली," आई म्हणाल्या. "आठ दिवसांत कमी कमी होत गेला आणि थांबला. माल बदलला असेल त्यांनी."

"म्हणून तक्रारी थांबल्या?"

"मग काय, वास नसताना करू? मी एकही खोटी तक्रार केलेली नाही."

बाबांनी फॉर्मकडे बघितलं, पुढच्या रकान्यात जे विचारायचं होतं ते बहुतेक त्यांना दिसलंच नाही. "अगं," ते म्हणाले, आणि पंधरा तपासण्यांत ड्यूटीवर असताना त्यांनी हा शब्द पहिल्यांदाच वापरला. "अगं, मग आत का नाही आलीस?"

"आत आले असते तर तुम्ही काय म्हणाला असता?"

बाबांनी पेन फॉर्मवर आडवं ठेवलं.

"'बघ, वास नव्हताच,' असं म्हणाला असता. तेवढं ऐकायला मी उशी घेऊन आत यायचं? नऊ वर्षं मी वासामुळे बाहेर झोपले. पुढची दोन वर्षं त्या एका वाक्यामुळे झोपले. त्या कॉटवर कूससुद्धा बदलता येत नाही."

बाबांनी मान खाली घातली. ते वाक्य ते नक्की बोलले असते, हे खोलीतल्या चौघांनाही माहीत होतं. त्यांनी हळूहळू सगळं लिहून काढलं, आईंच्याच शब्दांत, कॉटसकट. फॉर्मच्या शेवटी दोन चौकोन छापलेले असतात, "वास आहे" आणि "वास नाही." त्यांनी दोन्ही खोडले आणि वरच्या मोकळ्या जागेत लिहिलं, "होता." मग नियमाप्रमाणे पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं. शेवटचा शब्द त्यांनी दोनदा वाचला. आईंनी सही केली, बाबांनी शिक्का मारला, आणि आई रडायला लागल्या. त्या रडतात हे मी दीड वर्षात कधी पाहिलं नव्हतं. नवरा पाणी आणायला म्हणून गेला आणि परत आलाच नाही.

बाबांनी पेनाला टोपण लावलं, बॅग बंद केली आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

"मला वाटायचं, तुला माझा कंटाळा आलाय," ते म्हणाले.

"कंटाळा तर आलाच होता," आई डोळे पुसत म्हणाल्या. "पण कंटाळ्यासाठी कुणी खोली सोडतं का?"